दम खाणारी विहीर

नळ उघडायचा, धार पूर्ण सुटू द्यायची आणि मग चावी अर्धा वळसा मागे फिरवायची, ही त्यांची सवय होती. घर स्वतःचं असो की दुसऱ्याचं, त्यात फरक पडत नसे. एकदा एका लग्नाच्या हॉलमध्ये हात धुताना शेजारच्या गृहस्थांनी नळ धो धो सोडलेला त्यांना दिसला. त्यांनी शांतपणे हात लांब करून त्या अनोळखी गृहस्थांचाही नळ अर्धा बंद केला आणि म्हणाल्या, "दम राहू द्या त्याला."

ते गृहस्थ कोपरापर्यंत साबण लावून त्यांच्याकडे पाहतच राहिले.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांची एखादी सवय आपण पाहतो, तिला काटकसर किंवा चिकटपणा असं एखादं नाव देतो आणि पुढे जातो. आमच्या इमारतीतल्या बहुतेकांनी त्यांना चिकट ठरवलं होतं. त्या अर्ध्या वळशाचं खरं नाव मला कळायला बराच काळ जावा लागला.

अमरावतीत आमच्या इमारतीत, माझ्या दारासमोरच्या घरात त्या निवृत्तीनंतर राहायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं तेलक्षेत्रांत गेलेली. थोडी आसामात, बाकीची गुजरातेत. चौकीदाराने ही माहिती खालपासून वरपर्यंत पोचवताना थोडी आटोपशीर केली आणि त्या 'तेलवाल्या मॅडम' झाल्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तर व्यवसायबंधू समजून त्यांची चौकशी केली.

"मॅडम, तुमचं तेल फल्लीचं का सरकीचं?"

"जमिनीतलं."

"म्हणजे फल्लीचंच ना!" दुकानदाराने समाधानाने मान हलवली.

हा प्रसंग मला सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. "पण बाई, त्याचं चुकलं कुठं सांगा," त्या म्हणाल्या. "भुईमुगाची शेंग जमिनीतच येते." मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून त्या मला 'बाई' म्हणत. मी त्यांना 'ताई' म्हणत असे.

त्यांचं काम काय होतं, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं. शिकवण्याची खोड निवृत्तीनंतर जात नाही, तशी शिकण्याचीही जात नाही. जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि त्यात पाइप सोडून तेल ओढतात, असं मी वर्गात सांगत आले होते. त्यांनी माझ्या डब्यातला रव्याचा लाडू उचलला.

"यात तूप दिसतं का?"

"नाही."

"दाबा."

मी दाबला. बोटाला तूप लागलं.

"आमचं तेल असं असतं. खडकात मुरलेलं. खाली पाणी, वर कधी वायू, आणि सगळं मिळून दाबलेलं. त्या दाबानंच तेल विहिरीतून वर येतं. विहिरीच्या तोंडाशी एक झडप असते. ती किती उघडायची, एवढंच माझं काम."

एवढंच? पुढे कित्येक दुपारी त्यांनी मला समजावून सांगितलं, तेव्हा त्या 'एवढंच'चा आवाका माझ्या ध्यानात आला. झडप पूर्ण उघडली तर आज तेल भरपूर मिळतं. पण दाब उतरतो. विहिरीच्या तळाशी खालचं पाणी गंजीसारखं टोक काढून वर चढतं, विहिरीत शिरतं, आणि मग तेल कमी व पाणी जास्त येऊ लागतं. आजूबाजूच्या खडकातलं तेल तिथंच अडकून राहतं. झडप फारच दाबून धरली तर तेल सुरक्षित राहतं, पण हाती काही येत नाही. त्यात एकाच खडकावर पुष्कळ विहिरी. एकीची झडप उघडली की दुसरीचा दाब हलतो. तेव्हा कोणत्या विहिरीची झडप कोणत्या महिन्यात किती उघडी ठेवावी, म्हणजे सगळ्या विहिरी मिळून, सगळ्या वर्षांत मिळून, जास्तीत जास्त तेल निघेल? हा त्यांचा प्रश्न.

मी म्हटलं, "आम्हीही शिकवायचो की! दिलेल्या तारेच्या कुंपणात सर्वांत मोठं आयताकृती शेत कोणतं? उत्तर, चौरस."

"तुमच्या पुस्तकात उत्तर म्हणजे एक आकडा," त्या म्हणाल्या. "आमचं उत्तर म्हणजे वागणूक. आज असं वागा, पुढच्या वर्षी तसं वागा, पाणी दिसलं तर पुन्हा विचार करा."

गणिताचं उत्तर ही एक वागणूक असू शकते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं याची चुटपुट अजून आहे. वर्गात सांगितलं असतं तर मागच्या बाकांवरचीही दोन-चार डोकी वर झाली असती.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा. कुणी काही ठरवल्याचं सांगितलं की त्या विचारायच्या, "कधीपर्यंत?" मी साखर सोडल्याचं सांगितलं. "कधीपर्यंत?" तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांनी कोर्टातून आल्यावर कुणाशीही भांडायचं नाही असं जाहीर केलं. "कधीपर्यंत?" वकीलसाहेबांना हा उपहास वाटला आणि त्यांचा निश्चय तिथल्या तिथे मोडला. पण त्यात उपहास नसे. त्यांच्या गणितात मुदत सांगितल्याशिवाय सगळ्यांत चांगली वागणूक ठरतच नव्हती. क्षेत्र पाच वर्षं चालवायचं असेल तर झडपा एका तऱ्हेने उघडायच्या, तीस वर्षं चालवायचं असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. "काय वाढवायचं ते सगळे सांगतात. काय सांभाळायचं तेही कुणीतरी सांगते. कधीपर्यंत, ते कोनी सांगत नाही," त्या म्हणायच्या. मनापासून बोलू लागल्या की त्यांची भाषा अशी हळूच गावाकडे वळायची.

एकदा त्यांच्या हिशेबाने असं उत्तर दिलं होतं की सर्वांत चांगली चालणारी विहीर काही काळ बंद ठेवा. साहेबमंडळी हसली. एकाने विचारलं, "मॅडम, दुभती गाय बांधून ठेवायची आणि भाकड चरायला सोडायची?" त्यांनी पुन्हा मांडणी केली, पुन्हा तेच उत्तर आलं. शेवटी विहीर बंद केली गेली.

"मग? तुमचं बरोबर निघालं?" मी उत्सुकतेने विचारलं.

"पाणी मागं हटलं. तेल चांगलं निघालं. पण बंद केली नसती तर किती निघालं असतं, ते कोणाला माहीत? खडक एकच असतो, बाई. दुसऱ्या वाटेनं गेलो असतो तर काय झालं असतं, ते तो दाखवत नाही."

त्या हे विहिरीबद्दलच बोलत होत्या. मी मात्र समोरच्या त्यांच्या घरातल्या एकाच खुर्चीकडे पाहत होते.

आमच्या इमारतीच्या बोअरला उन्हाळ्यात खोकला होई. मोटर सुरू केली की थोडा वेळ पाणी, मग नुसती हवा. वकीलसाहेबांचं म्हणणं, आणखी खोल खणा. ताईंनी सांगितलं, मोटर सलग चालवू नका. थोडी चालवा, थांबवा, विहिरीला दम खाऊ द्या.

"मॅडम, ही बोअर आहे, पेशंट नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"पेशंटच हाय, वकीलसाहेब. धावायला लावलं की खोकते, ऐकू येत नाही का तुमाले?"

त्या उन्हाळ्यात आम्हाला टँकर फार कमी लागले. वकीलसाहेबांनी त्याचं श्रेय प्लंबरला दिलं. ताईंची काही हरकत नव्हती. त्या जिन्यात उभ्या राहून मोटरचा आवाज ऐकत आणि ती बंद झाली की जणू स्वतःच बसल्यासारखा सुस्कारा सोडत.

त्यांच्या गावाची गोष्ट मला एका हिवाळी दुपारी कळली. आम्ही गच्चीवर तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. दर्यापूर ओलांडून अकोला जिल्ह्यात शिरलं की त्यांचं गाव. हा भाग खारपाणपट्ट्याचा. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या या काळ्या मैदानाखालचं पाणी खारं आहे. शेत वरून सोन्यासारखं दिसतं, पण विहीर खणली की तोंड वाकडं होतं. अशा गावात त्यांच्या वडिलांच्या वावरात एक विहीर गोड होती. अर्ध्या गावाचे दोर त्या विहिरीत पडायचे. त्या पाण्यावर त्यांच्या घरी वांगी, टमाटे, मेथी व्हायची आणि टोपल्या भरून बाजारात जायची.

"आणि वरण," त्या म्हणाल्या. "माह्या मायच्या हातचं वरण. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, बाई. कितीही उकळा, दाणा टणक. आमच्या इहिरीच्या पाण्यात मात्र डाळ नुसती विरघळायची. लोक एक कळशी पाणी खास वरणासाठी न्यायचे."

मग वडिलांनी इंजिन बसवलं. भाजीचं रान वाढवायचं होतं. पहिल्या वर्षी पाणी पाटातून असं धावलं की लोक बघायला आले. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी मायने डाळ चढवली आणि ती शिजेना.

"बाबा म्हणाले, इहिरीत कुठून तरी खारं पाणी शिरलं. उपसून टाकू. खालून गोड येईन."

त्यांनी शेंगांची टरफलं एका जागी गोळा केली.

"दिवसरात्र इंजिन चाललं. जेवढं उपसलं, तेवढं जास्त खारं आलं. आणि जेवढं खारं आलं, तेवढं बाबा जास्त उपसत गेले. खाली गोड नव्हतं, बाई. गोड वर होतं. पावसाचं, हलकं, पातळ थरासारखं खाऱ्यावर तरंगलेलं. इंजिनानं खालचं वर ओढलं. माह्या बाबानं गोड पाण्यासाठी गोड पाणी संपवलं."

पुढे गणित शिकून, नोकरीला लागल्यावर, पहिल्याच वर्षी त्यांच्यापुढे एका तेलविहिरीचा आलेख आला. तेल कमी होत चाललेलं, पाणी वाढत चाललेलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, पाणी उपसून टाकू, मागून तेल येईल. त्या म्हणाल्या, "मले वाटलं, बाबाच बोलून राह्यले." त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वरिष्ठांपुढे तोंड उघडलं आणि ती झडप दाबायला लावली. खडकाला तेल कळत नाही आणि पाणीही कळत नाही, त्याला फक्त दाब कळतो, हे वाक्य मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकलं होतं. त्या दुपारी मला त्याची चव कळली.

वडील तोवर वारले होते. ज्यांना सांगायचं होतं, त्यांना सांगता आलं नव्हतं.

निवृत्त होऊन त्या पुण्याला भाचीकडे किंवा गुजरातेत ओळखीच्या माणसांत राहू शकल्या असत्या. अमरावतीत आल्या त्या या विहिरीसाठी, कारण इथून सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं. गावी धाकटा भाऊ शेती करत होता. गावात एव्हाना धरणाचं पाणी नळाने येत होतं, त्यामुळे विहिरीची गरज कुणालाच नव्हती. भाऊ तिच्यावर मोटर लावून ट्रॅक्टर धुवायचा. ताईंनी ती मोटर काढायला लावली. वावरातलं पावसाचं पाणी उताराने एका खड्ड्यात आणून, दगड आणि वाळूच्या थरांतून गाळून विहिरीशेजारी मुरवायला लावलं. आणि विहीर बंद. कोणी एक बादलीही काढायची नाही. वरून पाऊस येत राहील, गोड पाण्याचा थर वाढत राहील, खारं हळूहळू खाली बसेल.

दरवर्षी दिवाळीनंतर त्या विहीर पाहायला जात. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले.

भाऊ मोटरसायकलवर बांधाशीच भेटला. दणकट, मिशीत हसणारा माणूस. "या मॅडम. तुमालेही आनलं का ताईनं खारं पाजाले?" मग बहिणीकडे वळला. "काहून वं ताई, एवढं तेल काढलं म्हनते जिंदगीभर, अन् एका इहिरीचं पानी गोड होऊन नाही राह्यलं तुह्याच्यानं?"

"तेल काढाले घाई नव्हती केली," त्या म्हणाल्या.

"मले घाई हाय ना पन! रस्त्याच्या काठची जागा हाय. हे भोकाड बुजवून म्या शेड टाकतो ट्रॅक्टरचं. तू आपली दर साली येतं, गंगाजल पेल्यावानी दोन घोट घेतं, तोंड वाकडं करतं, अन् जातं. ठीक हाय. ठेवतो बंद." आणि मग त्याने सहज विचारलं, "पन कधीपर्यंत?"

मी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या कठड्यावर हात टेकून आत पाहत होत्या. खाली बऱ्याच खोलवर आभाळाचा एक तुकडा पडला होता.

"मी हाव तोपर्यंत," त्या म्हणाल्या.

भाऊ हसला नाही. "चाल, चा घे," एवढंच म्हणाला.

पाणी काढायची त्यांची रीत निराळी होती. बादली आदळायची नाही. लहानसं भांडं दोराने हळूहळू सोडायचं आणि पाण्याला टेकताच तिरपं करून वरचं वरचं घ्यायचं. एक घोट त्यांनी घेतला, एक मला दिला. खारं होतं. जिभेच्या कडांना चिकटून राहणारं.

"मागच्यापेक्षा कमी हाय," त्या म्हणाल्या. भावाने माझ्याकडे पाहून 'जाऊ द्या' म्हणावं तसे डोळे मिटले.

कॅनभर पाणी आम्ही बसमधून अमरावतीला आणलं, कारण खरी परीक्षा जिभेची नव्हती, डाळीची होती. त्या पाण्यात एकदा वरण शिजावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी कुकर काढू दिला नाही. "कुकरात काहीही शिजेल. तो दाब कुकरचा, पाण्याचा गुण नाही." मी माझ्या परीने शाळेतली शिस्त त्यात आणली. दोन पातेली, एकच तुरीची डाळ, एकच आच. एका पातेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. आम्ही दोघी ओट्याशी परीक्षेच्या पर्यवेक्षकांसारख्या उभ्या राहिलो. नळाच्या पाण्यातली डाळ फुलून फुटली. विहिरीच्या पाण्यातला एक दाणा त्यांनी चमच्यावर घेतला, फुंकर घातली आणि अंगठा व तर्जनीत धरून दाबला. तो बोटांतून निसटून टाइलवर खडा पडावा तसा वाजला.

"दम खाऊ द्या अजून," त्या म्हणाल्या आणि तो दाणा शोधायला खाली वाकल्या.

मग हा आमच्या दोघींचा वार्षिक कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी दाणा निसटला नाही, पण मोडलाही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि आम्ही पुन्हा मागे गेलो. मला वाईट वाटलं. त्यांना नाही. त्यांनी त्यांचा अंदाज नव्याने मांडला. त्यांची पद्धतच ती होती. आधी मागचं जुळलं पाहिजे, मगच पुढचं बोलायचं. विहिरीने उत्तर दिलं की आपलं गणित दुरुस्त करायचं, विहिरीला दुरुस्त करायला जायचं नाही.

"किती वर्षं लागतील?" मी एकदा धीर करून विचारलं.

त्यांनी मला आकडा सांगितला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसल्या. "हो. मीही तीच वजाबाकी केली आहे."

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. तो आकडा मी इथे लिहीत नाही. काही उत्तरं फळ्यावर लिहिण्यासाठी नसतात.

दमाचा दुसरा अर्थ आमच्या इमारतीत असा शिरला की जिना चढताना त्यांना मधल्या मजल्यावर थांबावं लागू लागलं. "मीही दम खाऊन राह्यली," त्या म्हणायच्या. पुढे फुप्फुसांचा विकार निघाला. दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि परिचारिका रागावलेली होती. "मावशी, तुम्हीच सांगा यांना. सारख्या त्या चावीला हात लावतात. मी वाढवते, या कमी करतात."

ताईंनी माझ्याकडे चोरून पाहिलं. "एकदम एवढं कशाले?" त्या पुटपुटल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "ताई, इथे काहीही साठवायचं नाही. इथे झडप पूर्ण उघडायची."

त्यांनी विचार केला. खरोखर, एखादं गणित तपासावं तसा विचार केला. मग म्हणाल्या, "बरोबर. मुदत जवळ आली की उघडूनच द्यावं लागते. आमच्याकडेही शेवटी तसंच करत." आणि हात पांघरुणाखाली घेतला. पुन्हा त्यांनी चावीला हात लावला नाही.

त्यांचा भाऊ बाहेर बाकावर बसलेला असायचा. आत आला की उगाच मोठ्याने बोलायचा. "ऊठ वं ताई, पाऊस चांगला झाला औंदा. तुह्यी इहीर भरली." त्या डोळे मिटूनच विचारायच्या, "वरून का खालून?" तो म्हणायचा, "वरून, वरून." तो खरं सांगत होता की त्यांच्यासाठी, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

समोरच्या घरात आता नवीन कुटुंब आलं आहे. भली माणसं आहेत. त्यांचा नळ सकाळी धो धो वाहतो आणि भिंतीपलीकडून तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी भांडं घासता घासता नकळत थांबते. आता तो कमी होईल, असं वाटतं. तो कमी होत नाही. बोअरला पुन्हा खोकला लागला आहे. वकीलसाहेब परवा जिन्यात उभे राहून तो ऐकत होते. मला पाहून म्हणाले, "मॅडम असत्या तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून घरात गेले. आमच्या वकीलसाहेबांनी अर्धवट सोडलेलं ते माझ्या माहितीतलं पहिलं वाक्य.

त्या वर्षीची दिवाळी झाली तरी मी गावी गेले नाही. कोणत्या नात्याने जाणार होते? विहिरीची मुदत 'मी हाव तोपर्यंत' एवढीच ठरलेली होती. बसमधून रस्त्याच्या काठचं शेड दिसलं असतं, तर ते पाहायचं धैर्य माझ्यात नव्हतं. वर्ष गेलं. पाऊस आला आणि गेला. पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी दाराची घंटा वाजली. दारात त्यांचा भाऊ उभा होता आणि हातात पाण्याचा कॅन होता.

"आनलं," तो म्हणाला. "वरचं वरचं काढलं. बादली बुडू नाही देली."

मी त्याला बसायला सांगितलं. माझा प्रश्न चेहऱ्यावरच असावा, कारण तो कॅन खाली ठेवत म्हणाला, "शेड दुसरीकडं टाकलं."

"पण मुदत तर संपली होती ना, भाऊ? त्या आहेत तोपर्यंतच असं ठरलं होतं."

"मुदत तिनं टाकली होती, मॅडम," तो म्हणाला. "म्या कुठं हो म्हनलं होतं? म्या तं चा घे म्हनलं होतं."

मी दोन पातेली काढली. एकच डाळ, एकच आच. तो ओट्याशी माझ्या शेजारी उभा राहिला, जिथे त्या उभ्या राहत असत. नळाच्या पाण्यातली डाळ आधी फुटली. विहिरीच्या पाण्यातली उकळत राहिली. बऱ्याच वेळाने मी एक दाणा चमच्यावर घेतला, फुंकर घातली आणि त्याच्यापुढे धरला. त्याने मातीत राबलेली जाड बोटं पुढे केली आणि दाणा दाबला.

दाणा मोडला. बाहेरून पार मऊ झाला होता. मध्ये मात्र टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी बोटाला अडलं. त्याने पुन्हा दाबलं. मीही दाबून पाहिलं. ते टोक तसंच राहिलं.

आम्ही त्याच डाळीचं वरण केलं. हिंग, हळद, वरून तूप. तो भातावर घेऊन जेवला, दुसऱ्यांदा घेतलं, आणि दाताखाली येणाऱ्या कणांसकट सगळं संपवलं.

"मायच्या हातचं नाही," तो ताटाकडे पाहत म्हणाला. "पन ओयखू येते. आनखी थोडा दम खाऊ द्या लागन तिले."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कधीपर्यंत?"

ताट उचलून तो मोरीकडे गेला. गावाकडच्या माणसाच्या जोरकस हाताने त्याने नळाची चावी एकदम फिरवली. पाणी ताटावर आदळलं, त्याच्या सदऱ्यावर उडालं, माझ्या चष्म्यावर आलं. आणि आम्हा दोघांचेही हात एकदमच चावीकडे गेले.